प्रक्षेपण कसोट्यांची मानके

प्रक्षेपण कसोट्यांची मानके : शाईचा डाग, संदिग्ध चित्र, अपुरे वाक्य वा सुटा शब्द यांसारख्या उद्दीपकांना व्यक्तीने दिलेल्या प्रतिसादांवरून तिच्या व्यक्तिमत्त्वाचा वेध घेणाऱ्या कसोट्यांना प्रक्षेपण कसोट्या म्हणतात. अशा कसोटीत एखाद्या व्यक्तीला मिळालेले गुण सर्वसामान्यांसारखे आहेत की त्यांहून वेगळे, हे ठरविण्यासाठी तिची तुलना एखाद्या समूहाशी करावी लागते. त्या समूहाच्या गुणांचे सरासरी, प्रमाण विचलन, शततमक इत्यादींच्या रूपाने केलेले सांख्यिकीय वर्णन म्हणजे मानके होत. समाज, शिक्षण, भाषा व कसोटी घेण्याची रीत यांत कालांतराने बदल होतात. त्यामुळे मानकेही वेळोवेळी नव्याने तयार करावी लागतात. या क्रियेला मानकांचे नूतनीकरण म्हणतात. मानके जुनी अथवा परकी असल्यास निरोगी माणूस विकृत ठरण्याचा आणि ज्याला खरोखर साहाय्याची गरज आहे तो सामान्य ठरण्याचा धोका असतो. म्हणून हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नसून न्यायाचाही आहे.

पूर्वपीठिका : शब्दसाहचर्याचा निदानासाठी उपयोग कार्ल युंग याने विसाव्या शतकाच्या आरंभी केला. स्विस मानसोपचारज्ञ हेर्मान रोर्शाक (१८८४–१९२२) याने १९२१ मध्ये आपली शाईडाग कसोटी प्रसिद्ध केली. तीत दहा पत्रे असून त्यांपैकी पाच काळ्या-करड्या छटांची, दोन काळ्या व तांबड्या रंगांची आणि तीन बहुरंगी आहेत. रोर्शाकने आपले निष्कर्ष ४०५ व्यक्तींच्या प्रतिसादांवरून काढले होते. त्यांपैकी २८८ मनोरुग्ण आणि ११७ रुग्ण नसलेल्या व्यक्ती होत्या. रुग्णांचा प्रतिसाद वेगळा आहे असे म्हणण्यासाठी रुग्ण नसलेल्यांचा प्रतिसाद आधी ठाऊक हवा, हे तत्त्व कसोटीच्या जन्मापासूनच मान्य झाले होते, हे यावरून दिसते. पुढच्याच वर्षी रोर्शाकचे निधन झाल्याने मानकांचे काम त्याच्या हातून पूर्ण झाले नाही.

क्रिस्तियाना मॉर्गन व हेन्री मरी यांनी १९३५ मध्ये चित्रावरून कथा सांगावयास लावणारी कसोटी मांडली. टीएटी या आद्याक्षरांनी ती सर्वत्र ओळखली जाते. लॉरेन्स फ्रँक याने १९३९ मध्ये अशा पद्धतींना ‘प्रक्षेपण पद्धती’ हे नाव रूढ केले. सॉल रोझेन्झ्वाइग याच्या चित्र-वैफल्य कसोटीत २४ व्यंग्यचित्रवजा प्रसंग असून प्रत्येक प्रसंगातील वैफल्यग्रस्त व्यक्ती काय म्हणेल, ते परीक्षार्थीने लिहावयाचे असते.

प्रक्षेपण कसोट्यांना मानके हवीतच का, याविषयी आरंभापासून मतभेद आहेत. प्रत्येक व्यक्तीचे अंतर्विश्व अनन्यसाधारण असते, त्याची तुलना सरासरीशी करणे अप्रस्तुत होय, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाच्या मते, ‘या व्यक्तीचे प्रतिसाद असाधारण आहेत’ असे विधान करताच परीक्षक मनातल्या मनात कोणत्या तरी मानकाचा आधार घेतोच. ते मानक अनुभवाच्या धूसर आठवणीत ठेवण्यापेक्षा आकड्यांत मांडलेले बरे. आज दुसरा पक्ष अधिक ग्राह्य मानला जातो. मात्र कथेचा किंवा प्रतिमेचा व्यक्तिगत अर्थ मानकांतून सापडत नाही, हे पहिल्या पक्षाचे म्हणणेही खोटे ठरलेले नाही.

मानके कालबाह्य होण्याची कारणे : यांतील पहिले कारण समाजातील बदल हे होय. चित्रपट, दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी यांमुळे माणसाच्या परिचयाच्या प्रतिमांचा साठा बदलतो आणि डागात काय ‘दिसते’ हे त्या साठ्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. बुद्धिमापनाच्या क्षेत्रात जेम्स फ्लिन याने १९८४ मध्ये असे दाखवून दिले, की पिढी बदलली की सरासरी गुण वाढतात व जुन्या मानकांवर मोजलेली व्यक्ती आहे त्याहून हुशार भासते. व्यक्तिमत्त्वाच्या कसोट्यांत बदलाची दिशा इतकी एकेरी नसते. परंतु बदल होत असतोच. दुसरे कारण कसोटी घेण्याच्या रीतीतील फरक. परीक्षक किती आग्रह धरतो, त्यानुसार प्रतिसादांची संख्या कमी-जास्त होते आणि संख्येबरोबर इतर बहुतेक सर्व गुण हलतात. तिसरे कारण गुणांकनाच्या नियमांतील बदल. चौथे व सर्वांत दुर्लक्षित कारण असे, की मूळ नमुनाच सदोष असू शकतो. अशा वेळी मानके जुनी झालेली नसतात, तर ती प्रथमपासूनच चुकीची असतात.

रोर्शाक मानकांचा इतिहास : विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बेक, क्लॉप्फर, हर्ट्‌झ, पिओत्रोव्स्की आणि रॅपपोर्ट यांच्या पाच वेगवेगळ्या पद्धती प्रचारात होत्या. पद्धत बदलली की त्याच प्रतिसादाचे गुण बदलत. जॉन एक्सनर याने १९७४ मध्ये या पद्धतींतील ग्राह्य अंश एकत्र आणून ‘सर्वसमावेशक पद्धती’ सिद्ध केली. तिच्याबरोबर रुग्ण नसलेल्या प्रौढांची विस्तृत मानके देण्यात आल्याने कसोटीला शास्त्रीय प्रतिष्ठा लाभली. या मानकांचा आधार ७०० प्रौढांचा नमुना हा होता.

पुढे या मानकांविषयी शंका उत्पन्न झाल्या. शॅफर, अर्डबर्ग व हॅरोइअन यांनी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील १२३ सामान्य प्रौढांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक्सनरच्या मानकांशी तुलना करता ही निरोगी माणसे मोठ्या प्रमाणावर विकारग्रस्त भासत होती. जेम्स वुड व त्याच्या सहकाऱ्यांनी इतर अनेक अभ्यासांतील सामान्य व्यक्तींचे आकडे एकत्र करून २००१ मध्ये हाच दोष दाखवून दिला. त्याच वर्षी, ७०० जणांच्या नमुन्यात दोनशेहून अधिक अभिलेख दोनदा मोजले गेल्याचे एक्सनरने स्वतः जाहीर केले आणि ७०० ऐवजी ६०० जणांचा दुरुस्त नमुना वापरात आणला. शिवाय नव्या नमुन्याचे संकलनही सुरू केले. चूक उघड करण्याची ही रीत शास्त्राला धरून होती. परंतु तोपर्यंत ही मानके कित्येक वर्षे वापरात राहिली होती.

मायर, अर्डबर्ग व शॅफर यांनी २००७ मध्ये १७ देशांतील २१ नमुने एकत्र करून प्रौढांवर आधारलेली आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या भाषांच्या व संस्कृतींच्या प्रौढांचे गुण अपेक्षेपेक्षा परस्परांच्या जवळ आढळले, हा या कामाचा महत्त्वाचा निष्कर्ष. मुलांच्या नमुन्यांत मात्र देशोदेशी मोठे फरक दिसले व त्यांची एकत्रित मानके वापरू नयेत असे संशोधकांनीच सुचविले. या १७ देशांत भारताचा समावेश नाही. २०११ मध्ये पुढे आलेल्या ‘रोर्शाक परफॉर्मन्स असेसमेंट सिस्टिम’ या पद्धतीत प्रत्येक पत्राला दोन, फार तर तीन प्रतिसाद मागितले जातात. एकच दिल्यास आणखी एकाची आठवण केली जाते आणि चौथ्यानंतर पत्र परत घेतले जाते. प्रतिसादांची संख्या अशी आटोक्यात आल्याने तुलना अधिक विश्वसनीय होते. या पद्धतीत गुण १०० सरासरी व १५ प्रमाण विचलन असलेल्या प्रमाणित श्रेणीत मांडले जातात.

मिहुरा व तिच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सर्वसमावेशक पद्धतीतील ६५ प्रमुख चलांच्या सप्रमाणतेचे समग्र परीक्षण केले. संवेदन व विचारप्रक्रिया यांतील बिघाड दर्शविणाऱ्या चलांना चांगला पुरावा मिळाला, तर इतर काहींना अत्यल्प वा मुळीच मिळाला नाही. यातून एक मर्यादा स्पष्ट होते. ज्या चलाला सप्रमाणता नाही, त्याची मानके कितीही काटेकोर केली तरी ते चल उपयुक्त होत नाही.

एक उदाहरण : डागाच्या प्रत्यक्ष आकाराशी न जुळणाऱ्या प्रतिसादांचे एकूण प्रतिसादांशी असलेले प्रमाण हे वास्तवाच्या आकलनातील दोषाचे गमक मानले जाते. एखाद्या व्यक्तीने २२ प्रतिसाद दिले व त्यांतील ४ असे विजोड असले, तर हे प्रमाण सुमारे ०·१८ होते. एक्सनरच्या १९९३ च्या मानकांत या चलाची सरासरी सुमारे ०·०७ व प्रमाण विचलन सुमारे ०·०५ होते. त्यांनुसार ही व्यक्ती सरासरीहून २·२ प्रमाण विचलने वर, म्हणजे चिंताजनक टोकाला पडते. २००७ च्या आंतरराष्ट्रीय मानकांत सरासरी सुमारे ०·१९ व प्रमाण विचलन सुमारे ०·११ आहे. त्यांनुसार तीच व्यक्ती सरासरीच्या किंचित खाली, म्हणजे अगदी सर्वसामान्य ठरते. व्यक्ती तीच, तिचे शब्द तेच, परीक्षकही तोच. केवळ कोष्टक बदलल्याने निदान बदलले. मुलाचा ताबा, नोकरीसाठीची निवड किंवा औषधोपचार यांचा निर्णय अशा अहवालावर अवलंबून असेल, तर कोष्टकाच्या पानाला केवढे मोल येते, हे सांगावयास नको.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती : परदेशी कसोट्यांची भारतीय रूपे सिद्ध करण्याचे काम येथे बरेच झाले आहे. उमा चौधरी यांनी १९६० मध्ये टीएटीचे भारतीय रूपांतर केले. चित्रांतील माणसांची वेशभूषा, घरे व प्रसंग भारतीय करण्यात आले. उदय पारीक यांनी रोझेन्झ्वाइगच्या सहकार्याने चित्र-वैफल्य कसोटीच्या बालरूपाचे १९५९ मध्ये व प्रौढरूपाचे १९६८ मध्ये भारतीय रूपांतर केले. चित्रे बदलणे ही मात्र अर्धीच वाट होय. बदललेल्या चित्राला आजचा भारतीय परीक्षार्थी सामान्यपणे काय प्रतिसाद देतो, हे मोजणे हा दुसरा अर्धा भाग. पहिले काम एकदा करून भागते, दुसरे दर पिढीला करावे लागते; आणि नेमके तेच मागे पडत आले आहे.

मराठी भाषिकांत मानकनिर्मितीची परंपरा प्रामुख्याने बुद्धिमापनाच्या क्षेत्रात दिसते. व्ही. व्ही. कामत यांनी बीने कसोटीचे मराठी व कन्नड मुलांसाठी अनुकूलन केले व त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बीने-कामत कसोटी’ या नावाने ते पुढे अनेक दशके वापरात राहिले. नागपूर येथील बालमार्गदर्शन केंद्रात ए. जे. मालिन यांनी वेक्स्लरच्या बालकसोटीचे भारतीय रूप १९६९ मध्ये तयार केले. बडोदे येथे प्रमिला फाटक यांनी ‘माणसाचे चित्र काढा’ या कसोटीची भारतीय मुलांसाठी गुणश्रेणी बनविली. हीच चित्ररेखाटनाची कृती कॅरन मॅकोव्हर हिने १९४९ मध्ये प्रक्षेपण कसोटी म्हणून वापरली असल्याने फाटक यांचे काम प्रस्तुत विषयाच्या सीमेवर येते. फाटक यांनीच बडोद्यातील अर्भकांच्या विकासाची मानके १९७० मध्ये दिली व त्यांवर आधारलेल्या मापनश्रेणीची सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाली. आपणच केलेली मानके पुन्हा तपासण्याचा हा आदर्श प्रक्षेपण कसोट्यांच्या बाबतीत अनुकरणीय होय.

नूतनीकरणाची पद्धती : स्थानिक मानके तयार करताना कोणते प्रश्न उद्भवतात, हे अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. तीपैकी सुमारे ८० टक्के ग्रामीण व सुमारे ८ टक्के अनुसूचित जमातींची होती. प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांखालील उसाचा पट्टा, दक्षिणेकडील व पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुके, अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर यांची डोंगराळ वस्ती आणि औद्योगिक वसाहत व लष्करी केंद्रे असलेले जिल्ह्याचे शहर, असे भिन्न जीवनक्रम येथे एकत्र नांदतात. एवढ्या विविधतेमुळे नमुनानिवडीतील बहुतेक सर्व अडचणी या एकाच जिल्ह्यात भेटतात.

समजा, ६०० प्रौढांचा नमुना घ्यावयाचा आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात विभागणी केल्यास ४८० व्यक्ती ग्रामीण व १२० नागरी असतील. प्रत्यक्षात महाविद्यालयीन विद्यार्थी व शहरातील नोकरदार सहज उपलब्ध होतात म्हणून त्यांचाच भरणा करण्याकडे कल असतो. अशा नमुन्याची मानके कागदोपत्री ‘जिल्ह्याची’ असली, तरी वस्तुतः ती शिक्षित नागरी तरुणांची असतात. अनुसूचित जमातींच्या वाट्याला ६०० पैकी सुमारे ५० व्यक्ती येतील. त्यांची स्त्री-पुरुष व तीन वयोगट अशी सहा गटांत विभागणी केली, तर प्रत्येक गटात जेमतेम आठ जण उरतात. १५ प्रमाण विचलनाच्या श्रेणीत ६०० जणांच्या सरासरीतील संभाव्य चूक अधिक-उणे १·२ गुणांची असते. ५० जणांसाठी ती सुमारे ४·२ व आठ जणांसाठी १०·४ होते. दहा गुणांची अनिश्चितता असलेली सरासरी व्यक्तिनिदानास निरुपयोगी होय. यावर उपाय म्हणजे लहान गटांतून प्रमाणापेक्षा अधिक व्यक्ती घेणे आणि एकत्रित मानके काढताना त्यांना योग्य भार देऊन समतोल साधणे.

नमुना कोणत्या ऋतूत घ्यावा, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. पाथर्डीसारख्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे बाहेर पडतात व हंगाम संपल्यावर परततात. या काळात घरोघर जाऊन घेतलेल्या नमुन्यात वृद्ध व मागे राहिलेली माणसेच अधिक येतील आणि श्रमकरी तरुण वर्ग वगळला जाईल. उलट शहरात लष्करी केंद्रांमुळे परप्रांतीय पुरुषांची संख्या लक्षणीय असल्याने मराठी भाषिकांची मानके हवी असल्यास मातृभाषेची नोंद आवश्यक ठरते. ‘रुग्ण नसलेला’ याची व्याख्याही आधी ठरवावी लागते. ज्या गावातून मानसोपचारासाठी दूरवर जावे लागते, तेथे ‘उपचार घेतलेले नाहीत’ याचा अर्थ ‘विकार नाही’ असा होत नाही. म्हणून उपचारांच्या इतिहासाखेरीज स्वतंत्र मुलाखतीने छाननी करणे इष्ट असते.

भाषा व गुणांकन : सूचना प्रमाण मराठीत छापलेल्या असल्या, तरी ‘हे काय असू शकेल?’ या साध्या प्रश्नालाही बरोबर उत्तर एकच असते, अशी समजूत शालेय परीक्षेच्या अनुभवातून झालेली असते. परिणामी परीक्षार्थी एकच उत्तर देऊन थांबतो व अल्प प्रतिसादांचा अर्थ भावनिक दडपण असा चुकीने लावला जातो. सूचनांचा अनुवाद दुसऱ्याकडून मूळ भाषेत पुन्हा उलटवून पाहणे आणि बोलीभाषिकांच्या लहान गटावर त्यांची पूर्वचाचणी घेणे, हे यासाठी अवश्य करावयाचे टप्पे होत.

सर्वसामान्य प्रतिसादांची यादी स्थानिक अभिलेखांवरून पुन्हा बांधावी लागते. एक्सनरच्या निकषानुसार तीन अभिलेखांपैकी किमान एकात आढळणारा प्रतिसाद सर्वसामान्य मानला जातो. पाचव्या पत्रातील वटवाघूळ किंवा फुलपाखरू हे प्रतिसाद अनेक देशांत आढळतात. सहाव्या पत्रात पाश्चात्त्य परीक्षार्थींना प्राण्याचे कातडे वा त्याचा गालिचा दिसतो. येथील वाचकाला कातडे परिचित आहे ते गालिचा म्हणून नव्हे, तर देवादिकांच्या व ऋषींच्या चित्रांतील व्याघ्राजिन म्हणून. आकार तोच असला तरी त्याला जोडलेला भाव भिन्न असतो. धार्मिक आशयाचे प्रतिसाद मोजताना ही भिन्नता विचारात न घेतल्यास परंपरेतून आलेली प्रतिमा व्यक्तीच्या मनोविकाराच्या खाती मांडली जाते. अशा यादीसाठी नमुनाही पुरेसा मोठा हवा. केवळ १०० अभिलेखांत एक-तृतीयांशाच्या आसपासची वारंवारता २४ ते ४२ टक्क्यांपर्यंत कोठेही हेलकावू शकते. त्यामुळे सीमारेषेवरील प्रतिसाद योगायोगाने यादीत शिरतात वा गळतात.

गुणांकन करणाऱ्यांतील एकवाक्यता तपासण्यासाठी अभिलेखांचा काही भाग दोन परीक्षकांनी परस्परांचे गुण न पाहता तपासावा लागतो. अनेक परीक्षक नमुना गोळा करीत असल्यास एकाच परीक्षकाचे सर्व अभिलेख एका बाजूला झुकलेले नाहीत ना, हेही पाहावे लागते. कारण परीक्षकाची सवय ही नमुन्याचा गुणधर्म म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो. परीक्षार्थींची संमती, त्यांच्या नावांची गुप्तता व कसोटीच्या पत्रांची गोपनीयता या अटी सर्वत्र पाळावयाच्या असतात.

मर्यादा व उपयोग : प्रत्येक जिल्ह्याची वा जातीची स्वतंत्र मानके करीत गेल्यास तुलनेचा पायाच नाहीसा होईल, असा आक्षेप घेतला जातो व तो रास्त आहे. समूहाची सरासरी हीच निरोगीपणाची खूण, असेही मानता येत नाही. दुष्काळाने गांजलेल्या गावातील सरासरी खिन्नता ही सर्वांची असली म्हणून ती खिन्नता नाहीशी होत नाही. यास्तव मोठ्या प्रदेशाची सामाईक मानके आणि तिच्या जोडीला स्थानिक गटांचे वर्णनात्मक आकडे, अशी दुहेरी मांडणी सोयीची ठरते. पहिलीवरून व्यक्तीची स्थिती व दुसरीवरून तिच्या परिस्थितीचे वजन कळते.

भारतीय प्रौढांची अद्ययावत व विस्तृत मानके हाती नसतील, तेथे परीक्षकाने अहवालात कोणत्या देशाच्या व कोणत्या वर्षाच्या मानकांशी तुलना केली ते स्पष्ट नमूद करावे, सीमारेषेवरील गुणांवरून निष्कर्ष काढू नये आणि मुलाखत, जीवनवृत्त व इतर कसोट्या यांचा दुजोरा मिळाल्याखेरीज केवळ प्रक्षेपण कसोटीवर निदान बेतू नये, असे सामान्यतः मानले जाते. मुलांच्या बाबतीत ही सावधगिरी दुपटीने आवश्यक आहे. डागात काय दिसले, हे सांगण्याचे काम परीक्षार्थीचे असते. आणि ते इतरांनाही तितकेच दिसते की नाही, हे प्रामाणिकपणे मोजून ठेवण्याची जबाबदारी शास्त्राची.